कातळातली चीर आणि पाण्यातला वायू

मागील उन्हाळ्यात आमच्या वडिलांनी कर्ज काढून बोअर घेतली. पाणाड्याने कडुलिंबाची बेचकी फिरवून जागा दाखविली. दोनशे फुटांपर्यंत नुसती धूळ उडाली! बांधापलीकडे पन्नास पावलांवर मात्र दीडशे फुटांत पाणी आहे. असे का, हे विचारायला मी भूगोलाच्या सरांकडे गेलो. त्यातून हा लेख झाला.

आपला काळा बेसॉल्ट मुळात भरीव. पाणी असते ते त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि कुजलेल्या थरांत. वर माती-मुरूम असल्यामुळे भेग दिसत नाही. परंतु तिच्यातून आलेले पाणी तिची खूण घेऊन येते.

प्रत्येक खडकात किंचित युरेनियम असते. त्याच्या विघटनातून पुढे रेडियम व रेडियमपासून रेडॉन वायू होतो. वाटेत सुटणाऱ्या अल्फा कणांचे हेलियम बनते. भरीव दगडात जन्मलेला रेडॉन बहुतांशी तेथेच संपतो. दगड भंगलेला असेल तर तो भेगेतल्या पाण्यात उतरतो.

मला नवल वाटले ते रेडॉनच्या अल्पायुष्याचे. ३.८ दिवसांत तो निम्मा होतो, सुमारे अडतीस दिवसांत हजारावा हिस्सा उरतो. म्हणून तो पाण्यात पुष्कळ असेल तर त्याचे उगमस्थान जवळच असले पाहिजे. हेलियम मात्र नष्ट होत नाही, साठत जाते. ते फार आढळले तर पाणी फार जुने, किंवा खोलवरून वर येण्यास वाट आहे, असे समजावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जमिनीवर चीर उमटली. तिच्यावरील मातीतल्या वायूत असाधारण हेलियम सापडल्याचे १९९४ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे बेसॉल्ट सुमारे ३३८ मीटर जाड आहे, त्याखाली कितीतरी जुना पायाखडक!

नमुना घेण्याची रीत सोपी, पण काटेकोर. आधी साचलेले पाणी उपसून टाकायचे, बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची आणि प्रयोगशाळेची एस.टी. चुकवायची नाही, दिरंगाई झाली की रेडॉन गळालाच. एका विहिरीच्या आकड्याला अर्थ नाही, कारण खडकागणिक युरेनियम कमीजास्त असते. अनेक विहिरींचे आकडे नकाशावर मांडून चढे आकडे एका रेषेत येतात का, ते पाहायचे. तरी भेगेत पाणी किती, हे वायू सांगत नाही.

आमच्या शिवारात अकरा विहिरी आहेत. नकाशा मी काढून ठेवला आहे, मोजणी व्हायची आहे.