गुरुवारची छाटणी

पहाटे ५.४०
चंदननगरच्या एका गल्लीत खोलीबाहेर कानस चालतेय. मांडीवर गोणपाट, त्यावर कटर मशीन. झाडांवर चढणारा हा माणूस चेनचा एकेक दात अंगठ्यानं चाचपतो, गोल कानस आतून बाहेर दोनतीनदा ढकलतो आणि पुढच्या दातावर जातो. एक बाजू झाली की मशीन फिरवून दुसरी. दात बोथट असला तर मशीन भुसा पाडत नाही, पीठ पाडतं. मग माणूस जोर लावतो, आणि वर जोर लावला की तोल जातो. दुकानात धार लावायचे शंभर रुपये होतात. कानस दीडशेला मिळते आणि महिनाभर चालते.

वय चौतीस. गाव बीड जिल्ह्यात. दिवाळीनंतर बायकोबरोबर ऊसतोडीला जातो. कारखान्याचा पट्टा पडला की एप्रिल ते जून पुण्यात झाडं करतो. नाव विचारलं तर म्हणाला, "नाव कशाला, काम लिहा."

सकाळी ६.३०
मुकादम टेम्पो घेऊन आला. तो चढणाऱ्याचा चुलतमामा. एक लिटर पेट्रोलला वीस मिली ऑइल, प्लास्टिकच्या बाटलीवर पेनानं केलेल्या खुणेपर्यंत. ऑइल कमी पडलं तर पिस्टन चिकटतो आणि मशीन दुरुस्तीला जातं. तितके दिवस कामही बंद.

मग दोर. मुकादम वेटोळं सोडतो आणि अख्खा दोर मुठीतून ओढून बघतो. एका जागी हात थांबला. तिथले दोन पेड उसवलेत. त्यानं कोयत्यानं दोर तिथंच तोडला. तुटलेला तुकडा आता टेम्पोत फांद्या बांधायला जाईल. उरलेला दोर माणसासाठी. इतका चांगला नियम मला कुठे छापलेला दिसला नाही.

सकाळी ७.१५
नगर रस्ता अजून मोकळा आहे. खराडी बायपासच्या चौकात कंपन्यांच्या बस यायला लागल्यात. टेम्पो वळून गावठाणाच्या बाजूला जातो. जुनी सोसायटी, चार मजली इमारती, आणि रस्त्याकडेनं विजेच्या तारा अजून खांबांवर.

गेटवर वॉचमननं वही पुढे केली. मुकादम, चढणारा, खालचे दोन गडी, फांद्या ओढणाऱ्या दोघी मावश्या आणि टेम्पोवाला. सात नावं. आजच्या कामात या सातांची नावं जिथे लिहिली गेली, ती ही एकच वही.

सकाळी ८.००
सेक्रेटरीकाकांनी परवानगीची झेरॉक्स आणली. अर्ज महापालिकेच्या नगर रोड-वडगाव शेरी क्षेत्रीय कार्यालयात गेला होता. उद्यान विभागाचा माणूस झाडं बघून गेला, मग सहीशिक्का झाला. झाडाची जात, संख्या, कारण, आणि फांद्या छाटायच्या की झाड काढायचं, सगळं त्यात आहे. दोन गुलमोहर, एक रेन ट्री. फक्त छाटणी.

या कागदामागे १९७५ चा राज्याचा कायदा आहे, शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा. त्यात झाड तोडणं म्हणजे नुसता बुंधा आडवा करणं नव्हे. जाळणं, इजा करणं हेही तोडण्यातच येतं. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. कायदा चांगलाच आहे. झाडाची एवढी विचारपूस व्हायलाच हवी. पण वर कोण चढणार, त्याला काम येतं का, तो पडला तर काय, हे या कागदावर कुणी विचारलेलं नाही.

"मामा, तुमच्याकडे लायसन कसलं?" मी मुकादमाला विचारलं.

"शॉप ॲक्टचं आहे. टेम्पोवाल्याकडे गाडीचं आहे. झाडाचं कुणी देतच नाही."

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १९४५ पासून पैसे घेऊन झाडांची कामं करायची तर परवाना लागतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि विम्याचा कागद दाखवावा लागतो. मुकादमाला हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "परीक्षा मराठीत घेतली तर आमचा हा पहिला येईल."

सकाळी ८.४०
सगळे बसून. पहिल्या गुलमोहराची एक फांदी तारांवर आलीय. पुण्यात महावितरण देखभालीची कामं गुरुवारी काढते, म्हणून मुकादमानं मुद्दाम गुरुवार धरला. वीज दहाला जाणार.

"तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं उरकून घ्या की," काका म्हणाले.

"नाही साहेब. फांदी कुठनं कुठं झोकांडेल सांगता येत नाही. ओल्या फांदीतनं करंट येतो."

एक गडी तेवढ्यात झाडाभोवती फिरून आला. बुंध्याला पेव्हर ब्लॉक अगदी टेकलेत. पाणी झिरपायला बोटभर जागा नाही. झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या यंत्रणांना दिला होता. तो दिल्लीपुरता खरा, पण मुळं सगळीकडची सारखीच. गड्यानं चार ब्लॉक पहारीनं उचकटले आणि काकांना दाखवले. खाली कोरडी खडी. काकांनी फोटो काढला. "मीटिंगमध्ये घेतो," म्हणाले.

सकाळी १०.१०
लिफ्ट चालू आहे. म्हणून वीज आहे असं नव्हे आणि नाही असंही नव्हे, कारण सोसायटीला जनरेटर आहे. चढणारा कुणाच्या शब्दावर चढत नाही. वायरमन आला, खांबावर अर्थिंग टाकलं, हात केला. तेव्हा कुठे बेल्ट कमरेला लागला.

बेल्ट बांधकामावरचा, खांद्यावरून घ्यायचा. हेल्मेट पिवळं. चपला खाली. आधी नुसता कोयता आणि हातकरवत घेऊन वर गेला. मशीन नंतर दोरानं जाईल. प्रत्येक फांदीवर पाय द्यायच्या आधी तो टाचेनं ठोकून बघतो.

"गुलमोहर सांगून मोडत नाही," खालचा गडी म्हणतो. "लिंब करकरतो, वेळ देतो. हा एकदम जातो."

म्हणून बेल्टचा हूक फांदीत नाही, मधल्या जाड बुंध्यात.

सकाळी १०.५०
तारेवरची फांदी. मांडीएवढी जाड, पंधरा फूट लांब. ती सोडायची नाही, दोरावर घ्यायची. चढणाऱ्यानं दोर वरच्या बेचक्यातून फिरवून फांदीला बांधला. खाली गड्यानं दुसरं टोक बुंध्याला दोन वेढे देऊन धरलं. वेढ्यांवर ओझं येतं, हातावर कमी. मावश्यांनी पार्किंगच्या दोन्ही बाजू अडवल्या. एक मुलगा मोबाइल बघत येत होता, त्याला मावशीनं दंडाला धरून मागे घेतला.

आता काप. बुंध्यापासून हातभर लांब, आधी खालून खाच, फांदीच्या पावभर जाडीइतकी. मग खाचेच्या थोडं पुढं, वरून. मशीन गुरगुरलं, फांदी कडाडली आणि दोरावर लोंबली. गडी दोर सोडत गेला. फांदी जमिनीला टेकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मागे राहिलेला खुंट त्यानं तिसऱ्या कापात काढला. बुंध्याला घासून नाही. फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे सालीचा एक फुगवटा असतो, त्याच्या अगदी बाहेरून.

खालून खाच आधी का? फांदी पडताना साल ओढून नेते. मग बुंध्यावर हातभर जखम होते. हे त्याला कुणी शिकवलं नाही. आधी फाडून बघितलं, मग सुधारलं. फुगवट्याचं कारण मात्र त्याला ठाऊक नव्हतं. ॲलेक्स शायगो या अमेरिकी वनसंशोधकानं हजारो झाडं उभी चिरून ते दाखवलं. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरत नाही. झाड कुजलेला भाग आतून भिंत घालून वेगळा करतं, आणि ते बळ त्या फुगवट्यात असतं. तो कापला तर कूज बुंध्यात उतरते. डांबर फासून ती थांबत नाही. जेवताना हे सांगितलं तर त्यानं तीन वेळा विचारलं, "भिंत म्हणजे लाकडाचीच का?"

असं शिकवणारा एक दिवसाचा वर्ग खराडीत भरला, तर हा माणूस मजुरी बुडवून जाईल.

दुपारी १२.००
दुसऱ्या गुलमोहरावर कावळ्याचं घरटं निघालं. तारेचे तुकडे, काड्या. पिल्लं आहेत. कावळे डोक्याशी झेपावतायत. त्यानं ती बेचकी सोडली. बाल्कनीतून एक आजोबा ओरडले, "शेंडा मारा, शेंडा! पानं फार पडतात गाडीवर."

"शेंडा मारला की तिथं पाच फुटतात बाबा. सगळे कच्चे. दोन वर्षांनी तेच गाडीवर पडतील." वर लटकलेल्या माणसानं हे शांतपणे सांगितलं. आजोबा आत गेले आणि थोड्या वेळानं खाली पाण्याची बाटली घेऊन आले.

दुपारी १.१५
रेन ट्रीच्या सावलीत डबे. भाकरी, ठेचा, बटाटा. मी विम्याचं विचारलं.

चढणाऱ्यानं मोबाइलमधला बँकेचा मेसेज दाखवला. सोमवारी वीस रुपये कापले गेलेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यू आला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख. विमा १ जून ते ३१ मे चालतो. मागच्या वर्षी मेअखेरीस त्याच्या खात्यात अकरा रुपये होते. पैसे कापले गेले नाहीत, विमा संपला, आणि अख्खं वर्ष तो तसाच चढला. यंदा त्यानं आठवडाभर आधी पाचशे भरून ठेवले.

एका गड्याचं खातं आहे, पण फॉर्म भरलेला नाही. दुसऱ्याचा आहे. मावश्यांपैकी एकीचा आहे, दुसरीला माहीतच नव्हतं. मुकादमानं कुणाचा उतरवलेला नाही.

या योजनेच्या माहितीपत्रकात झाडावरून पडण्याचा उल्लेख नावानिशी आहे. सर्पदंश किंवा झाडावरून पडणं असेल तर लगेचची दवाखान्याची नोंद लागते. म्हणजे पडलेल्याला आधी घरी नेऊन तेल चोळलं तर दावा अडकू शकतो. हे त्या सात जणांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि पाय मोडून तीन महिने घरी बसलं तर या विम्यातून काहीच मिळत नाही. दवाखान्याचं बिल नाही, बुडालेली मजुरी नाही.

केरळात नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळानं २०११ साली सहा दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं, चढायचं यंत्र दिलं आणि विमा जोडला. त्यांच्या केरा सुरक्षा विम्यात दवाखान्याचा खर्चही धरलाय. नारळ उत्पन्न देतो, म्हणून त्याच्या माणसाचा हिशेब झाला. रेन ट्री नुसती सावली देतो.

दुपारी २.१५
रेन ट्री. मोठं काम, पण सरळ. वाळलेल्या फांद्या, गच्चीला टेकणारी एक, मधली दाटी. वारा जाईल इतकंच मोकळं करायचं. वरून त्याला ईऑन आयटी पार्कच्या काचा दिसतात आणि पलीकडे मुळा-मुठा. ऊन काचांवरून थेट डोळ्यांत येतं. गॉगल नाही. भुसा डोळ्यात गेला की तो मशीन बंद करतो, पापणी उलटी करतो, गमछ्याच्या टोकानं पुसतो, पुन्हा चालू. असं चारपाचदा झालं. साधा पारदर्शक चष्मा शंभराच्या आत मिळतो. मुकादमानं दोन घेऊन दिले होते, ते घामानं धुरकट होतात म्हणून टेम्पोतच असतात.

खाली मावश्या पाला वेगळा करतायत. बारीक पाला सोसायटीच्या खतखड्ड्यात, जाड लाकूड टेम्पोत. लाकूड वखारीला जातं, त्याचे पैसे टेम्पोच्या भाड्यातून वळते.

संध्याकाळी ५.४५
हिशेब गेटजवळ. कोटेशन पंधरा हजारांचं होतं, बारावर तुटलं. चढणाऱ्याला दीड हजार. गड्यांना आठशे आठशे. मावश्यांना सहाशे सहाशे, ओझं तेच ओढून. टेम्पो अठराशे. पेट्रोल-ऑइल साडेतीनशे, चहा-नाश्ता अडीचशे. मुकादमाच्या हातात पाच हजार तीनशे राहिले. त्यातून तोडलेल्या दोराच्या जागी नवा दोर घ्यायचा, नवी चेन घ्यायची, परवानगीसाठी घातलेले हेलपाटे आणि बिनकामाचे दिवस काढायचे. सात जणांचा वीस-वीस रुपयांचा विमा म्हणजे एकशे चाळीस. आजच्या चहा-नाश्त्यापेक्षा कमी. मी तसं म्हटलं तर मुकादम म्हणाला, "खरंय. पण कोटेशनात लिहिलं तर पहिलं तेच कापतात."

काकांनी ते ऐकलं. पुढच्या वेळी कोटेशनात विमा आणि चष्मे वेगळे लिहून आणा, कापणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

पावसाआधी तुमच्याकडेही झाडं छाटायला माणसं येतील. उद्यान विभागाची परवानगी तुम्ही बघालच. त्याच वेळी चढणाऱ्याचं नाव विचारा, विम्याचे वीस रुपये कापले गेल्याचा मेसेज बघा. नसेल तर त्याला बँकेत जायला अर्धा दिवस द्या आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरीही द्या. एक जून उलटून गेला असला तरी फॉर्म घेतात.