हाताची येरझार, पोलादाचा अडसर

पंप-ॲक्शन शॉटगन म्हटलं की कानात वाजतो तो नळीखालची मूठ मागेपुढे झाल्याचा दुहेरी खटका. सिनेमांनी तो इतका ऐकवला आहे, की मुठीचं सरकणं हेच या बंदुकीचं मर्म वाटावं. मला ते पटत नाही. अमेरिकेत ख्रिस्तोफर स्पेन्सरने 1882 मध्ये अशी बंदूक बाजारात आणली, जॉन ब्राउनिंगने विंचेस्टर कंपनीसाठी 1893 आणि 1897 ची मॉडेलं रचली. पण ही रचना पक्व झाली ती 1950 मध्ये आलेल्या रेमिंग्टन 870 मध्ये. तिचे एक कोटीहून जास्त नग निघाले. तिची करामत आहे ती मूठ केव्हा सरकू द्यायची नाही, हे ठरवण्यात.

नळीखालच्या मुठीपासून दोन पोलादी पट्ट्या मागे जाऊन नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टखालच्या स्लाइडला मिळतात. मूठ पूर्ण पुढे असताना ही स्लाइड बोल्टमधला एक ठोकळा वर उचलून धरते. तो ठोकळा नळीच्याच मागे वाढवलेल्या भागातल्या खाचेत बसतो, दाराला अडसर बसावा तसा. बार उडाला की मागे येणारा दाब बोल्ट आणि नळी आपसातच झेलतात. बाहेरच्या पेटीवर त्याचा भार येत नाही. मूठ ओढल्यावर सुरुवातीला बोल्ट जागचा हलतही नाही. आधी स्लाइड थोडी मागे येते, ठोकळा खाली उतरतो, मगच बोल्ट निघतो. त्याची आकडी टरफलाची कड धरून ते बाहेर ओढते, टरफल इजेक्टरवर आपटून उजव्या खिडकीतून उडतं आणि वाटेत घोडा चढतो. मूठ पार मागे टेकली की एक पट्टी काडतुसं साठवणाऱ्या मॅगझिनच्या तोंडाची कळ बाजूला सारते, एकच काडतूस कॅरिअर नावाच्या तरफेवर येतं आणि मूठ पुढे नेताना कॅरिअर ते नळीसमोर उचलतो. बोल्ट बंद झाला, घोडा चढलेला असला, की आणखी एक कळ डाव्या पट्टीच्या आड येते. घोडा पडेपर्यंत किंवा कळ मुद्दाम दाबेपर्यंत मूठ हलत नाही. उलट बोल्ट नीट बंद नसेल तर चाप घोड्यापर्यंत पोचतच नाही. 1897 च्या विंचेस्टरमध्ये ही सोय नव्हती: चाप दाबून धरून मूठ पुढे नेली, की बार उडे.

वायूच्या दाबावर चालणाऱ्या अर्ध-स्वयंचलित शॉटगन आल्यावर हाताने एवढी मेहनत का करायची, हा आक्षेप रास्त आहे. त्या जलद चालतात, खांद्याला धक्काही कमी देतात. पण त्यांना बोल्ट मागे रेटण्याइतका जोर काडतुसाकडून मिळावा लागतो. हलकं काडतूस असलं की त्या अडतात. 870 ला हा प्रश्न पडत नाही, कारण जोर हात पुरवतो. मात्र त्यामुळे हातही यंत्राचाच एक भाग होतो, आणि त्याच्या चुका यंत्रात शिरतात. जुन्या 870 मध्ये भरताना एखादं काडतूस मॅगझिनच्या कळेत नीट अडकलं नाही, तर ते मागे घसरून बोल्ट आणि कॅरिअर यांच्यामध्ये फसे आणि बंदूक जाम होई. नंतर कॅरिअरच्या पत्र्यात चीर पाडून लवणारी जीभ काढली, तेव्हा काडतूस फसलं तरी मूठ मागे आणता येऊ लागली. हात टोक गाठण्याआधीच परतण्यावर मात्र असा तोडगा निघाला नाही. टरफल पडतं, घोडा चढतो, पण पट्टी मॅगझिनच्या कळेपर्यंत पोचत नाही. बोल्ट रिकाम्या नळीवर बंद होतो आणि चाप दाबल्यावर नुसता खटका होतो. म्हणून ही बंदूक शिकवणारे मूठ प्रत्येक वेळी पार मागे टेकेपर्यंत जोरात ओढण्याचाच सराव करून घेतात.