हिरवळीची हरळी आणि शेतातील बाजरी

पावसाळा सरता सरता शाळेच्या पटांगणात जी हिरवळ पसरते, ती बहुतांशी हरळीची असते. हीच दूर्वा होय. भाद्रपदात गणपतीस वाहण्याकरिता तिच्या जुड्या बांधतात, आणि मोसम व गिरणा यांच्या काठचा शेतकरी तिला आपल्या वावरात पाहताच कपाळास आठ्या घालतो. तिच्या कांड्या जमिनीवरून धावतात, पेरापेराशी मुळ्या धरतात आणि जमिनीखालीही जाळे विणतात. नांगराने तिचे तुकडे झाले तर ती मरत नाही. जितके तुकडे तितकी नवी झाडे! शेतकऱ्यास जाचणारा हा चिवटपणाच बागवानास हवा असतो.

तथापि रानातली हरळी शोभेच्या हिरवळीस जशीच्या तशी चालत नाही. ती तुरे टाकते, उंच वाढते व जाडीभरडी दिसते. तिला आखूड, बारीक पानांची आणि दाट करण्याचे काम अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानात टिफ्टन या गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने केले. आपल्याकडील हरळीच्याच जातीचा त्याने दक्षिण आफ्रिकेतील एका नाजूक, बुटक्या हरळीशी संकर घडविला. पहिलीत गुणसूत्रे ३६, दुसरीत १८. संततीच्या वाट्यास २७ आली. म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच झाले, आणि तीन संच दोन वाट्यांत सारखे घालता येत नाहीत. म्हणून हे गवत वंध्य निघाले. वंध्यत्व येथे गुणच ठरला, कारण बी सांडून भलतीसलती रोपे उगवण्याची धास्ती उरली नाही. १९५६ साली ‘टिफग्रीन’ व १९६० साली ‘टिफवे’ हे वाण बाहेर पडले. पुढे टिफग्रीनच्या हिरवळीतच एक खुजे रूप आपोआप उद्भवलेले आढळले. तेच १९६५ चे ‘टिफड्वार्फ’.

असे गवत कांड्या लावूनच वाढवावे लागते. तेव्हा मैदानभर पसरलेला तो हिरवा गालिचा वस्तुतः एकाच झाडाचा विस्तार असतो. ते झाड ज्या रोगास तोंड देते, त्यास सारे मैदान तोंड देते. ते ज्यास बळी पडते, त्यास सारे मैदान बळी पडते. बागेच्या बाबतीत हानी फार तर शोभेची. पण याच बर्टनने बाजरीवरही काम केले होते, आणि बाजरी हेही गवतच आहे.

बाजरीची ‘टिफ्ट २३ अ’ नावाची एक मादी ओळ त्याने तयार केली. तिच्या फुलांत कामाचा पराग नसतो. त्यामुळे शेजारी दुसरा वाण पेरला की शेतच्या शेत संकरित बियाणे मिळते. हिच्याच आधारे लुधियाना येथे १९६५ साली भारतातील पहिली संकरित बाजरी, ‘एच. बी. १’, सिद्ध झाली. उत्पन्न वाढले, पाठोपाठ आणखी संकर निघाले. पण आई सर्वांची एकच! १९७१ च्या सुमारास या बाजरीवर गोसावी, म्हणजेच केवडा रोगाची साथ उसळली. दमट रात्री पानाखाली पांढरी बुरशी धरते, पाने पिवळी पडतात, आणि कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा गुंता निघतो. बैराग्याच्या जटाच जणू. रोगाची बीजे मातीत वर्षानुवर्षे टिकतात. ज्यांच्या घरी भाकरी बाजरीची, त्यांनी त्या वर्षी कोणत्या डोळ्यांनी शेताकडे पाहिले असेल याची कल्पना मालेगावच्या वाचकांस सहज करता येईल.

मग दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत त्याच ओळीवर गामा किरण सोडून रोगास दाद न देणारी नवी मादी मिळविण्यात आली. पुढील संकरही काही वर्षे टिकले व मग त्यांतील कित्येक रोगाने गाठले. माझ्या मते अधिक शहाणपणाचा मार्ग हैदराबादेजवळील पाटणचेरू येथे धरला गेला. तेथे संकरांच्या जोडीस असे सुधारित वाणही तयार झाले, की ज्यांत एक ताट शेजारच्या ताटासारखे हुबेहूब नसते. रोग आला तरी काही झाडे जातात, काही उभी राहतात. शिवाय शेतकऱ्यास घरचे बी राखून ठेवता येते. त्यांपैकी ‘आय. सी. टी. पी. ८२०३’ हा वाण १९८८ साली महाराष्ट्राकरिता प्रसारित झाला. त्यातूनच पुढे लोहाचा अंश अधिक असलेली ‘धनशक्ती’ निवडून काढण्यात आली.