जुन्या इंजिनाची फेरपैमाईश

रायपूरहून धमतरीकडे जाणारा हमरस्ता ज्या ठिकाणी राजीमची वाट वेगळी करून देतो, त्या अभनपुरास वैशाखातल्या भर दुपारी, पारा पंचेचाळिसाच्या घरात रेंगाळत असता, पंचवीस वर्षांपूर्वीची एखादी पेट्रोलवरची मोटार पुढच्या मालट्रकास मागे टाकू पाहते, चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो, आणि तरीही गाडी 'उठत' नाही. मग मालक ती मिस्त्रीकडे नेतो आणि मिस्त्री बॉनेट उघडण्यापूर्वीच निकाल देऊन टाकतो की, इंजिन म्हातारे झाले. हा निकाल पुष्कळदा खरा असतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु कॉम्प्रेशन शाबूत आहे, प्लग नवे आहेत, फिल्टर स्वच्छ आहे आणि तरीही हीच कैफियत कायम आहे, अशी स्थिती असेल तर ज्या पेट्रोलसाठी त्या इंजिनाचा हिशेब एकेकाळी मुक्रर झाला ते पेट्रोलच आता पंपावर उरलेले नाही, ही गोष्ट ध्यानी घ्यावी लागते.

हा हिशेब कोठे असतो? इंजेक्शनच्या मोटारीत तो एका लहानशा पेटीतल्या तक्त्यात नोंदलेला असतो. अभनपूर हे तहसिलीचे गाव असल्यामुळे येथल्या वाचकास खसऱ्याची उपमा चटकन पटावी. ओळींत इंजिनाचे फेरे, स्तंभांत त्याच्यावरील भार, आणि प्रत्येक चौकटीत, म्हणजे प्रत्येक शेतावर, एक आकारणी ठरलेली: इंजेक्टरने किती सहस्रांश सेकंद उघडे राहावे. दुसऱ्या तक्त्यात ठिणगी किती अंश आधी पडावी याची नोंद. मिनिटास ३,००० फेरे चालू असता प्रत्येक सिलिंडरसाठी हे दप्तर सेकंदास २५ वेळा उघडून पाहिले जाते. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगनच्या मोटारीवर इंजेक्शनची विद्युत्-नियंत्रित पद्धत प्रचारात आणली. आपल्याकडे मात्र ती सर्रास झाली ती १९९९ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने राजधानीच्या परिसरात युरो मानके सक्तीची केल्यानंतर. मारुती ८०० सारख्या साध्यासुध्या गाडीच्या कपाळीही मग इंजेक्शन आले.

आता पेट्रोलचा प्रश्न. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळावयास वजनाने १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ भागच पुरते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते, म्हणजे तितक्याच हवेला वजनाने जवळजवळ नऊ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. २०२५ साली देशातील मिश्रणाची सरासरी वीस टक्क्यांवर जाऊन पोहोचली, आणि २००१ सालच्या पेटीला याची वार्ताही नाही. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर सावकाश चालीत ही तूट ओळखतो व भरून काढतो. म्हणून बाजारातून हिंडताना गाडी निमूट चालते. पण पाय तळाला गेला की जुनी पेटी बहुधा सेन्सरची साक्ष ऐकणे थांबवते, आणि आकारणी जुन्याच खसऱ्यावरून होते. ऐन जोराच्या क्षणी, जेव्हा मिश्रण थोडे घट्ट हवे, तेव्हाच ते पातळ पडते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व दहा टक्के मिश्रणाशी जुळवलेल्या मोटारींच्या मायलेजात सहासात टक्के घट होईल असा अंदाज नमूद आहे. पातळ मिश्रणाच्या या दुखण्याची वाच्यता मात्र कमीच होते.

याची दुरुस्ती रस्त्यावर करता येत नाही, असे नाही. पण अभनपुरच्या हमरस्त्यावर पाय तळाला दाबून डोळे आकड्यांकडे लावणे हा आत्मघाताचा एक प्रकार होय. म्हणून रस्ताच मोटारीखाली आणून फिरवावयाचा. चाके लोखंडी रोलरांवर ठेवून गाडी पट्ट्यांनी जखडतात, रेडिएटरसमोर प्रचंड पंखा लावतात, आणि रोलरला विजेच्या ब्रेकने हवा तेवढा अडसर देतात. या ब्रेकचे महत्त्व मोठे आहे. तो गाडीला ३,००० फेऱ्यांवर, अर्ध्या भारावर, जणू कान धरून उभी करतो आणि ट्यूनरला त्या एका चौकटीत निवांतपणे बसून इंधन घालता-काढता येते. मग पुढची चौकट, मग तिच्यापुढची. पटवाऱ्याने साखळी टाकीत बांधाबांधावरून चालावे, तसा हा उद्योग आहे, आणि त्यात एक दुपार सहज खर्ची पडते.

मोजायचे असते ते चाकांवरचे बल व फेरे. साठ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) ५,००० फेऱ्यांवर मिळाला तर ३१ किलोवॅट, म्हणजे ४२ अश्वशक्ती झाली. गिअरपेटी व अ‍ॅक्सल वाटेत आपला वाटा खातात, म्हणून हा आकडा कंपनीच्या कागदावरील आकड्याहून नेहमी कमीच भरतो. धुराच्या नळीत रुंद पल्ल्याचा सेन्सर बसवतात, कारण गाडीतला मूळ सेन्सर 'कमी' किंवा 'जास्त' याहून अधिक बोलत नाही. त्याचा आकडा हवेच्या भागांत न वाचता लॅम्डात वाचावा: एक म्हणजे नेमके ज्वलन, पूर्ण जोरासाठी ०.८५ ते ०.९० च्या दरम्यान. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, ही भानगडच मग उरत नाही. इंधन जुळल्यावर ठिणगीची पाळी. ती अंशाअंशाने अलीकडे आणीत जावयाची, आणि पीळ वाढणे थांबले की तेथेच मुक्काम. त्यापूर्वीच इंजिनात ठोके ऐकू आले तर मागे सरावयाचे. येथे इथेनॉलचे ऋण मान्य करणे न्याय्य होईल: त्याच्या मिश्रणाने ऑक्टेन वाढतो, तेव्हा जुन्या इंजिनास दोनएक अंशांचा लाभ कधीकधी पदरात पडतो.

उन्हाची तक्रार मात्र कोणीही ट्यूनर दूर करू शकत नाही. पंधरा अंशांच्या सकाळच्या मानाने पंचेचाळीस अंशांची हवा नऊ टक्क्यांहून अधिक विरळ असते, आणि तेवढा जोर जातोच. रोलरचे यंत्र हवामानाची 'दुरुस्ती' करून छापील आकडा फुगवून देते; कागदावर वैशाख नाहीसा होतो, रस्त्यावर होत नाही.

पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेतही मोटारी रोलरांवर धावतात, पण तो कारभार निराळा. तेथे ११८० सेकंदांच्या ठराविक चालीत, ताशी ९० किलोमीटरची मर्यादा पाळून, धुराचा हिशेब तपासला जातो. जोराची कोणी विचारपूस करीत नाही. तरीही ट्यूनरने तो धूर विसरू नये. मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम नोंदणीपत्रकातील तपशिलाशी विसंगत असा बदल करू देत नाही. इंधनाचा तक्ता सुधारणे निराळे, मोठे इंजिन किंवा टर्बो बसवणे निराळे. जुन्या गाड्यांची पेटी तर पुष्कळदा लिहिलेलीच बदलता येत नाही: चिप काढून नवी लिहावी लागते, नाहीतर सेन्सरचा संदेश मध्येच फिरवणारी जोडपेटी लावावी लागते, किंवा संपूर्ण पेटीच नवी घालावी लागते. पहिला मार्ग सर्वांत सरळ. दुसरा स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत बेभरवशाचा.

रोलर गाठण्यासाठी अभनपुरकरास दूरच्या शहरी जावे लागले, तर निघण्यापूर्वी इंजेक्टर धुऊन त्यांचा प्रवाह सारखा आहे की नाही ते तपासून घ्यावे, इंधनाचा दाब मोजावा, जुन्या रबरी नळ्या बदलाव्यात आणि व्हॅक्यूमची गळती बंद करावी. मोडके इंजिन ट्यून करणे म्हणजे बुडालेल्या शेताची आकारणी करणे. आणि परत निघताना आधीच्या व नंतरच्या अशा दोन्ही धावांचे आलेख, लॅम्डाच्या रेषेसह, मागून घ्यावेत. नुसता अश्वशक्तीचा आकडा लिहिलेला कागद स्वीकारू नये.