लायसन लागतं का हो?

पुण्याच्या तपकीर गल्लीत राउटर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं, मग रेंज. पैसे देताना मात्र हळूच एक प्रश्न येतो, "शेजारच्यांना पासवर्ड दिला तर लायसन लागतं का हो?" बुधवार पेठेत वायफाय बसवायची कामं करताना मी हा प्रश्न किती जणांकडून ऐकलाय याची मोजदाद नाही. विचारणाऱ्याची भीती खरी असते. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी कायदा या दोघांनी मिळून परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं बाळगणंही गुन्हा ठरवलं होतं.

ती गाठ सुटली जानेवारी २००५मध्ये. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला, घराबाहेरच्या वापरासाठीसुद्धा. पण अटी होत्या, आणि त्या अटींची गंमत मला एका गच्चीवर कळली.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका पुस्तकविक्रेत्याचं दुकान रस्त्याच्या एका बाजूला, गोदाम दुसऱ्या बाजूला. वरून वायर टाकावी तर गणपतीच्या मिरवणुकीत पहिल्याच रथाला ती अडकणार. म्हणून दोन गच्च्यांवर समोरासमोर अँटेना लावल्या. सिग्नल डळमळत होता. आमच्या हाताखालच्या पोराने लॅपटॉप उघडून राउटरमधला देशच बदलला. भारताऐवजी असा देश निवडला, की जिथे जास्त पॉवर देता येते. आमच्या लाइनीत हे सर्रास चालतं, कोणी बोलून दाखवत नाही इतकंच.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका त्याच इमारतीत राहायचे. ते वर आले, स्क्रीन बघितला आणि म्हणाले, "बाळ, आधी तो देश परत भारत कर. आता हिशेब मांड." यंत्रातून जास्तीत जास्त १ वॅट, म्हणजे ३० डीबीएम. अँटेनाचा जोर धरून एकूण ४ वॅट, म्हणजे ३६. आमच्या अँटेनाचाच जोर १४चा होता. मग यंत्राला उरले फक्त २२. पोराला वाटलं, आता लिंक मेलीच. काकांनी पॉवर २२वर आणली, पाइपचे नट सैल करून अँटेना बोटभर डावीकडे फिरवली आणि सिग्नल स्थिर झाला. दोष नेमाचा होता, शक्तीचा नव्हताच. जाता जाता त्यांनी पाइपही मापला. गच्चीच्या वर ५ मीटरपेक्षा उंच नको, हीसुद्धा त्याच नियमांतली अट.

लोकांचा खरा घोटाळा पुढे होतो. हवा मोकळी झाली म्हणजे धंदा मोकळा झाला असं नव्हे. लहरी वापरायची मुभा एक, इंटरनेट विकायची परवानगी दुसरी. घरगुती जोडणी घेऊन तिचे पैसे वाड्यातल्या बिऱ्हाडांकडून वसूल करणं म्हणजे इंटरनेट सेवा देणं, आणि त्याला सेवादात्याचा परवाना लागायचा. शिवाय घरगुती जोडणीच्या करारातच बहुधा पुनर्विक्रीला मनाई असते.

त्यात २००८ साल आलं. अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेला होता. २३ फेब्रुवारी २००९ला दूरसंचार विभागाने सूचना काढल्या : सार्वजनिक ठिकाणी वायफाय द्यायचं तर ओळखपत्राची प्रत वर्षभर जपा, नाहीतर मोबाइलवर एसएमएसने लॉगिन द्या. आमच्याकडच्या एका अभ्यासिकेत तोवर पासवर्ड फळ्यावर खडूने लिहिलेला असायचा. मालकांनी फळा पुसला आणि राउटरच काढून माझ्याकडे दिला. स्पर्धा परीक्षेची पोरं दुसऱ्या दिवसापासून सायबर कॅफेत रांगा लावायला लागली. मला ते फार लागलं. सूचना गरजेच्या होत्या, पण छोट्या माणसाला त्या पाळायची सोपी वाटच कोणी दिली नव्हती.

मोठ्यांचे प्रयोगही शहराने पाहिले. गूगल स्टेशनचं वायफाय पुण्यात दीडशेच्या आसपास ठिकाणी आलं आणि २०२०मध्ये कंपनीने तो कार्यक्रमच गुंडाळायला घेतला.

सोपी वाट आली ९ डिसेंबर २०२०ला. केंद्रीय मंत्रिमंडळाने सार्वजनिक वायफायसाठी पीएम-वाणी योजना मंजूर केली. चहावाला, किराणावाला, अभ्यासिका, कोणीही पीडीओ, म्हणजे सार्वजनिक डेटा कार्यालय होऊ शकतो. त्याला परवाना नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. अशा अनेक दुकानांची मोट बांधणारा पीडीओए आणि अॅप देणारा, एवढ्यांनीच दूरसंचार विभागाकडे नोंदणी करायची. ग्राहकाची ओळख मोबाइलवरच्या ओटीपीने पटते. झेरॉक्सची गरज नाही. जुनं पीसीओचं पिवळं खोपटं आठवतं त्यांना ही रचना लगेच समजते.

मी हे त्या अभ्यासिकेच्या मालकांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "लाइन कितीला पडेल?" तिथेच घोडं अडलं. पीडीओंकडून महागडी व्यावसायिक लीज्ड लाइन घ्यायची अपेक्षा केली जायची, आणि दूरसंचार नियामक ट्रायच्याच हिशेबात १०० एमबीपीएसची अशी लाइन घरगुती फायबरच्या ४० ते ८० पट महाग होती. २०२२पर्यंत १ कोटी हॉटस्पॉटचं राष्ट्रीय धोरणातलं लक्ष्य फार दूर राहिलं, त्याचं हे एक ठळक कारण. जून २०२५मध्ये ट्रायने दर बांधून दिला : २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर जोडणीला पीडीओकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही.

त्या आदेशाची प्रत मी मालकांना नेऊन दिली. त्यांनी घरगुती दराला दोनाने गुणून आकडा लिहिला, बाकांच्या संख्येने भागला आणि अभ्यासिकेच्या महिन्याच्या फीमध्ये तो बसतो का ते बघितलं. बसत होता.