टाइलचा आरसा होतो का?

दिवाळीत नामपूरला घरी आलो होतो. अंगणात फरशीकामातले उरलेले टाइलचे तुकडे पडलेले. माझा अकरावीतला चुलतभाऊ म्हणाला, "दादा, दुर्बिणीच्या आरशाला जाड काच कशाला शोधायची? ही टाइल घासली तर?" मी आधी हसलो. पण प्रश्न वाटतो तेवढा येडा नाहीये.

६ इंची, म्हणजे १५० मिलिमीटरचा आरसा घ्या, फोकल लांबी १२०० मिलिमीटर. त्याचा मधला खोलगटपणा जेमतेम १.२ मिलिमीटर. तेवढा खड्डा काढणं सोपंय. अवघड पुढचं: पृष्ठभागावरची चूक ७० नॅनोमीटरच्या आसपासच राहिली पाहिजे. केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग! टाइल इथंच अडते. वरचं चकचकीत ग्लेझ खड्डा काढतानाच निघून जातं, आणि आतल्या भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं असतात. ती कितीही पॉलिश करा, उघडीच राहतात.

पण मोठ्या दुर्बिणींचे आरसे सिरॅमिकचे असतात असं ऐकलंय ना? ते वेगळं. नैनितालजवळच्या देवस्थळला ३.६ मीटरची दुर्बीण आहे, तिचा आरसा झेरोडूरचा. ही काच-सिरॅमिक: गरम झाल्यावर त्यातली काच प्रसरण पावते आणि बारीक स्फटिक आकसतात, हिशोब जवळपास शून्य. आपली साधी काच १५० मिलिमीटरला दर अंशामागे सुमारे १.३ मायक्रोमीटर आकसते. थंडीत दिवसभर घरात राहिलेला आरसा रात्री गच्चीवर नेला की कडा आधी गार होतात, आकार बिघडतो, गुरू डबडबलेला दिसतो. उपाय फुकट आहे: तासभर आधी बाहेर ठेवा.

मग टाइल वाया? अजिबात नाही! तिची खरी जागा आरशाखाली. प्लास्टरची जाड चकती ओता, पूर्ण वाळवून एपॉक्सीनं सील करा, वर टाइलचे छोटे तुकडे फटी ठेवून चिकटवा. या फटींतून पाणी आणि घासायची पूड फिरते. काच वर ठेवून घासायची. ती खोलगट होते, खालचं टूल फुगीर. ती काळी पूड, सिलिकॉन कार्बाइड, तीही सिरॅमिकच. सगळं ओलंच ठेवा, कोरडी धूळ फुफ्फुसाला वाईट.

पुण्याच्या आयुकानं हौशी लोकांसाठी आरसे घासायच्या कार्यशाळा घेतल्यात. मी मात्र पहिला आरसा घरीच घासला, आणि टूलच्या फटीत अडकलेल्या ८० नंबरच्या एका कणानं शेवटच्या टप्प्यात लांबलचक ओरखडा पाडला. दीड महिन्याचे रविवार गेले. म्हणून प्रत्येक नंबरनंतर टूल, बादली, हात, नखंसुद्धा धुवा.

भाऊनं तुकडे कापलेत. सध्या आम्ही १२० नंबरवर आहोत.