जुन्या ट्रकचा दम

ट्रकच्या पाठीवरचं साहित्य हा आपल्याकडे कौतुकाचा विषय आहे. बंपरला टांगलेली काळी बाहुली, लिंबू-मिरची, उलटी चप्पल आणि खाली दृष्ट लावणाऱ्याचं तोंड काळं होवो असा रंगीत अक्षरातला शाप. गंमत अशी, की घाटात हा शाप वाचत मागे रखडणाऱ्या स्कूटरवाल्याचं तोंड खरोखरच काळं होत असतं. त्यानं दृष्ट लावलेली असो वा नसो. तो धूर पाहून पाहणाऱ्याला वाटतं, गाडी काय जोर लावते आहे! प्रत्यक्षात तो धूर म्हणजे नीट न जळता बाहेर पडलेलं डिझेल असतं. मालकाचा पैसा नळीवाटे हवेत चाललेला असतो आणि गाडी तर पहिल्या गिअरमध्ये कण्हत असते.

वीस-पंचवीस वर्षं झालेली ही गाडी. तिचा मालक बहुधा स्वतःच ड्रायव्हर, आणि घरातली चार-पाच माणसं तिच्यावर जेवणारी. नवी गाडी घ्यायची ऐपत नाही. मग एके दिवशी तो गॅरेजमध्ये जाऊन म्हणतो, ‘उस्ताद, गाडी ओढत नाही. पिकअप वाढवून द्या.’ या एका वाक्यात त्या कुटुंबाचं बरंच काही पणाला लागलेलं असतं. बँकेत असताना ट्रकची कर्जप्रकरणं माझ्या टेबलावरून जात. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँका छोट्या वाहतूकदारालाही दारात उभं करू लागल्या होत्या. त्या फायलींतून दिसे ते असं, की हप्ता थकायच्या आधी गाडीचा ॲव्हरेज पडलेला असे. खातं आजारी पडण्यापूर्वी इंजिन आजारी पडे.

ताकद म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. पंचाहत्तर किलोचं पोतं एका सेकंदात एक मीटर उचलायचं, ही झाली एक अश्वशक्ती. आता सोळा टनांचा भरलेला ट्रक घ्या. वीस मीटर चाललं की एक मीटर वर चढणारा घाट घ्या. ताशी वीस किलोमीटरनं तो चढायचा, तर नुसतं ते वजन वर उचलायलाच जवळजवळ साठ अश्वशक्ती लागते. टायरचं घर्षण आणि गिअर-एक्सलमधली गळती वेगळी. हौद्यात जास्तीचा माल कोंबून तीच गाडी चोवीस टनांवर नेली, की साठाचे नव्वद होतात. जुन्या टाटा गाड्यांच्या नावातच हा हिशेब लिहिलेला असतो. १६१३ म्हणजे सोळा टन आणि सुमारे एकशेतीस अश्वशक्ती. १२१० म्हणजे बारा टन आणि सुमारे शंभर. ‘गाडी ओढत नाही’ या तक्रारीचं पहिलं उत्तर म्हणूनच पुष्कळदा वजनकाट्यावर मिळतं.

दुसरं उत्तर हवेत आहे. डिझेल इंजिन मराठी माणसाच्या जुन्या ओळखीचं. किर्लोस्करांच्या इंजिनानं ते विहिरीवर आणून बसवलं. त्यात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, दाबानं ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्तच हवी. आपण दम लागला म्हणतो तेव्हा श्वास अपुरा पडलेला असतो, इंजिनाचंही तेच.

आता बाजारातला सर्वांत स्वस्त उपाय पाहा. जुन्या गाडीच्या डिझेल पंपाला जास्तीत जास्त डिझेल किती सोडायचं याची मर्यादा ठरवणारा एक स्क्रू असतो. तो कोणी सहज हलवू नये म्हणून त्याला सील असतं. ते तोडून स्क्रू फिरवला की डिझेल वाढतं. गाडी दोन-चार दिवस खरंच पळते, मालक खूश, उस्ताद खूश. पण हवा आहे तेवढीच आहे. वाढलेल्या डिझेलचा काही भाग जळतो, उरलेला काजळी होऊन बाहेर पडतो. आतली उष्णता वाढते. पिस्टनचा माथा भाजतो, हेडला तडा जातो, न जळलेलं डिझेल लायनरवरून खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करतं आणि बेअरिंगं खातं. वर्षभरात पूर्ण इंजिन खोलायची पाळी येते. पन्नाशीच्या माणसाला उसनं बळ यावं म्हणून दारू पाजण्यासारखा हा प्रकार आहे.

शहाणा मिस्त्री पंपाला सगळ्यात शेवटी हात लावतो. आधी तो धुराचा रंग पाहतो. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेत. गरम इंजिनातून पांढरा येत असेल तर डिझेल न पेटता जातंय किंवा पाणी आत शिरतंय. मग एअर फिल्टर. उसाच्या हंगामात किंवा खडीच्या खाणीवर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर किती लवकर तुंबतो, हे तो उघडल्याशिवाय पटत नाही. मग डिझेल फिल्टर. मग नोझल काढून यंत्रावर लावायचे: फवारा धुक्यासारखा हवा, थेंब गळता कामा नये. टॅपेटची फट बरोबर आहे का, पंपाचं टायमिंग सरकलंय का, सायलेन्सर आतून चोंदलाय का. ऑइल भरायचं झाकण काढल्यावर तिथून वाफारा जोरात येत असेल, तर रिंगा-लायनरचा कॉम्प्रेशन गेला, असं तो न बोलता मान हलवून सांगतो.

इंजिनाबाहेरही चोर असतात. ब्रेक लागून राहिलेलं चाक हातानं चाचपलं तर तापलेलं सापडतं. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. टायरमध्ये हवा कमी, पुढची चाकं एका रेषेत नाहीत. प्रत्येक जण थोडी थोडी ताकद पळवतो. हे सगळं नीट केल्यावर मालक म्हणतो, ‘गाडीची ताकद वाढली.’ वाढलेली नसते. कारखान्यातून निघताना होती, ती परत आलेली असते.

तिचा हिशेब मांडू या. समजा, गाडी लिटरला चार किलोमीटर देते आणि महिन्याला पाच हजार किलोमीटर धावते. म्हणजे साडेबाराशे लिटर डिझेल. दुरुस्तीनंतर ती चारऐवजी चार पूर्णांक चार देऊ लागली, तर महिन्याला सुमारे ११४ लिटर वाचतं. लिटरला ९० रुपये धरले तर दहा हजारांच्या वर. नोझल, फिल्टर आणि पंपाच्या कॅलिब्रेशनचा खर्च त्यातून लवकर फिटतो.

मग खरोखरची जास्तीची ताकद हवी असेल तर? त्याचं उत्तर आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली पेटंट घेऊन ठेवलं होतं. बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं इंजिनात जास्त हवा कोंबायची. हाच टर्बोचार्जर. कोंबलेली हवा गरम होते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून घ्यायची. आपल्याकडे टेल्कोनं १९५४ साली डेमलर-बेंझच्या सहकार्यानं ट्रक बनवायला घेतले, तेव्हाची इंजिनं स्वतःच्या श्वासावर चालणारी होती. १९९३ मध्ये टाटा आणि कमिन्स यांची जमशेदपूरला भागीदारी झाली, आणि पुढे २००० पासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा टर्बो मालट्रकमध्ये सर्रास झाला.

पण जुन्या इंजिनावर नुसता टर्बो बसवून भागत नाही. वाढलेला दाब सोसणारे पिस्टन, हेड गॅस्केट, मोठा रेडिएटर, तगडा क्लच, हे सगळं सोबत यावं लागतं. नाहीतर साखळी सगळ्यात कच्च्या कडीपाशी तुटते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. विम्याचा दावा करायची वेळ येते तेव्हा या कागदाची किंमत कळते.

आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये फार क्वचित बोलली जाते. जो घाट चढायचा, तो उतरायचाही असतो. ब्रेक, कमानपाटे आणि चासी ज्या वजनासाठी बनवले, ते इंजिनाला जोर आणल्यानं वाढत नाही. खंबाटकी जोरात चढलेली लादलेली गाडी उतारावर ड्रम तापून ब्रेक सोडून देते, तेव्हा ती वाढवलेली अश्वशक्ती कुणाच्याच कामाला येत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा धडा आहे. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारा माणूस चार रुपयांसाठी सगळं डावावर लावतो.

आणि तो धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं. तो सर्वांत जास्त कोणाच्या नाकात जातो? गाडीच्या मालकाच्या, क्लीनरच्या आणि ट्रकतळावरच्या चहाच्या टपरीवर कप धुणाऱ्या पोराच्या.

एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-सहा आहेत. त्यांच्यातलं डिझेल संगणक मोजून सोडतो, काजळी गाळून घेतली जाते, आणि बिघाड शोधायला मिस्त्रीच्या कानाऐवजी जोडलेलं यंत्र लागतं. जुन्या गाड्या हळूहळू भंगारात जातीलच. २०२१ च्या धोरणानं ती वाट आखून दिली आहे. तोवर मात्र एखादी जुनी गाडी भाजी, सिमेंट, गणपतीच्या मूर्ती घेऊन घाट चढत राहणार. तिच्या मालकानं गॅरेजमध्ये ‘किती वाढेल?’ असं विचारण्याआधी ‘किती गेलंय आणि कुठून?’ असं विचारावं. चांगला उस्ताद या प्रश्नावर खूश होतो, बाही वर सारतो आणि पहिल्यांदा एअर फिल्टरचं झाकण उघडतो.